कन्हानची कबड्डी आणि पांढरी लेन्स
परवा कॅमेऱ्याची जुनी बॅग उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि कन्हानची कबड्डी आठवली. शेवटच्या चढाईचा फोटो आणला तर खेळांच्या पानावर कायम करतो, असे संपादक म्हणाले होते. महाल भागातला लेन्स भाड्याने देणारा दुकानदार लहान लेन्स पुढे करत होता. मी हातभर लांब पांढरी मागितली. "हे तोफ काहून नेऊन राहिला गा? कबड्डी तर पायाजवळ राहते," तो म्हणाला. पण लांब लेन्सशिवाय खेळाचा फोटोग्राफर कसला, अशी माझी समजूत होती. मैदानावर ओल्या मातीचा वास होता, भोंगा किंचाळत होता. आयोजकांनी लेन्स पाहिली आणि मला कोणी बडा माणूस समजून थेट मंचावर नेले. "भाऊ, मले फोटो काढू द्या," मी म्हणालो. "काढजा ना साहेब, पयले सत्कार तर घ्या!" डांबरगोळ्यांच्या वासाची शाल, गुच्छ, नारळ असे सगळे हातात आले, आणि तेवढ्यात शेवटची चढाई झाली. मैदान ओरडले, मी नारळ सांभाळत होतो. संपादकांनी मला कार्यक्रमांच्या पानावर टाकले. इतकी वर्षे मी सत्कारांचेच फोटो काढतो आहे. त्याला लहान लेन्स पुरते.