लोखंड नको म्हणणारे खिल्लारे सर

आदरणीय प्रल्हाद खिल्लारे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते मैदानावर नव्हे, तर क्रांती चौकाजवळच्या ताडपत्रीच्या दुकानात. मी तिथे जोडकामाला होतो आणि आजही आहे. ताडपत्रीचे दोन काठ एकमेकांवर ठेवायचे, गरम हवेने वितळवायचे आणि रुळाने दाबायचे, हे माझे काम. सरांनी वहीचे एक पान काउंटरवर ठेवले. त्यावर फुटबॉलचा गोलपोस्ट काढलेला होता. दोन खांब उभे, एक आडवा आणि मागे आधाराला दोन. खाली लिहिले होते, 'लोखंड नको. आत फक्त हवा.'

आमचे मालक चाचा चष्मा वर करून म्हणाले, "क्या मास्टर, हवा का गोल? कल बोलेंगे पानी का दरवाजा बनाव."

"पाण्याचा नको चाचा, हवेचाच द्या. घडी करून स्कुटीवर नेता आला पायजे," सर हसून म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही कुठले?"

"पाचोडचा."

"मग पाचोडकर, जमंल का?"

दुकानात मला तोवर कुणी 'तुम्ही' म्हटले नव्हते. मी जमेल म्हणालो आणि ते पान घडी करून खिशात ठेवले.

सर तेव्हा एका शाळेत क्रीडाशिक्षक होते आणि दर रविवारी वसाहतीच्या मोकळ्या मैदानावर मुलामुलींना फुटबॉल शिकवत. ते मैदान सगळ्यांचे. पहाटे फिरणारे, दुपारी गाड्या, संध्याकाळी लग्नाचे मांडव. तिथे कायमचे काही रोवायला परवानगी नाही, म्हणून हवेचा गोलपोस्ट हवा, असे मला वाटले होते. खरे कारण सरांनी पहिला नमुना न्यायला आल्यावर सांगितले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या सरावात एक सुटा लोखंडी गोलपोस्ट वाऱ्याने उलटला. खाली बसून बुटाची नाडी बांधणाऱ्या मुलाच्या खांद्याचे हाड मोडले. मुलगा पूर्ण बरा झाला, पण सरांनी दोन वर्षे शिट्टी हातात धरली नाही. "मागं वजन ठेवायचं मीच विसरलो होतो, पाचोडकर. गडबडीत," एवढेच ते म्हणाले. स्वतःची चूक इतक्या सरळ सांगणारा मोठा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

सरांच्या कामाची पद्धत सर्वांना माहीत व्हावी, म्हणून मुद्दाम लिहितो. सकाळी सहाला गोलपोस्ट उलगडायचे, पायपंपाने हवा भरायची (हे काम पहिल्या रविवारपासून माझे), मागे वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. मग पिशव्या बाजूला करून सर गोलपोस्टाखाली उताणे झोपतात आणि आडवा खांब दोरीने स्वतःच्या अंगावर ओढून पाडून घेतात. दर रविवारी, दोन्ही गोलपोस्ट. मुले भोवती उभी राहून ओरडतात, "सर, पडा! सर, पडा!" पाडून झाले की सर कपडे झटकतात, पिशव्या जागेवर ठेवतात आणि मगच शिट्टी वाजते. एकदा फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारले, "अहो गुरुजी, ह्या वयात हे काय?" सर पडल्या पडल्या म्हणाले, "आधी मला लागू द्या, मग पोरांना खेळू देतो."

हे नेहमीचे झाले. एक दिवस मात्र माझ्या कामाची परीक्षा झाली. वाळूजच्या कामगारांच्या मुलांचा संघ आमच्याकडे सामना खेळायला येणार होता. एप्रिल महिना होता. पाहुण्यांसमोर खांब वाकलेला दिसू नये, म्हणून मी पहाटेच्या गारव्यात हवा भरतच राहिलो. खांब ढोलासारखा वाजू लागला तेव्हा कुठे मला समाधान वाटले. ऊन चढले की आतली हवा फुगते, याचा विचार मी केला नाही. दहाच्या सुमारास ट्रकचा टायर फुटावा तसा आवाज झाला. आडव्या खांबाचा जोड उकलला आणि सगळी ताडपत्री आमची गोलकीपर प्रणाली हिच्या अंगावर आली.

सर मैदानाच्या मध्यापासून धावत आले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी ताडपत्री उचलली. खाली प्रणाली पोट धरून हसत होती. "सर, मी नाय पडले, गोलच पडला!" सरांनी तिचे दोन्ही खांदे चाचपून पाहिले आणि तिथेच मातीत बसले.

पाहुण्या संघाचे प्रशिक्षक म्हणाले, "काय खिल्लारे, लोखंडाचा असता तर जन्मभर टिकला असता की!"

मी पंप हातात घेऊन उभा होतो. "सर, चूक माझी. हवा जास्त झाली," मी म्हणालो. मला वाटले, आपला मैदानाशी संबंध आज संपला.

सरांनी आधी पाहुण्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हा फुटला तर आवाज होतो, तो पडला तर हाड मोडतं. मला आवाज चालंल," ते म्हणाले. "तुमची चूक लई स्वस्तात गेली, पाचोडकर. माझी नव्हती गेली. आता असं करा, पुन्हा होऊ नये म्हणून नियम लिहून आणा."

उरलेला सामना त्या बाजूला वाळूच्या पिशव्यांनाच गोलचे खांब मानून पार पडला. मी रात्रपाळीच्या माणसासारखा जागून नियम लिहिले: हवा सकाळी खांब बोटाने दबेल इतकीच भरावी, नऊला थोडी सोडावी, पिशव्या मोजून ठेवाव्यात. माझे शिक्षण नववीपर्यंत. सर मात्र दर रविवारी तो कागद मुलांसमोर मोठ्याने वाचतात आणि सुरुवात करतात, "पाचोडकर म्हणतात..."

माझे वडील आजारी असताना सर स्कुटीवरून पाचोडला आले. बाजाराचा दिवस, गर्दीतून वाट काढत घर शोधले. सरांनी गोलपोस्टाची गोष्ट सांगितली, तेव्हा वडिलांनी विचारले, "हवंचा गोल? टिकतंय व्हय ते?" सर म्हणाले, "टिकतंय. तुमचा मुलगा दर रविवारी हवा बघतोय ना." मी लोकांच्या ट्रकांची ताडपत्री चिकटवतो एवढेच वडिलांना ठाऊक होते. त्या दिवशी त्यांनी माझे हात हातात घेऊन पाहिले.

सरांनी साठ वर्षे पूर्ण केली. सत्कारासाठी मी नवा गोलपोस्ट तयार केला आहे, जोड दुहेरी घातले आहेत आणि दोन रविवार उन्हात ठेवून पाहिले आहेत. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पुढची पुष्कळ वर्षे दर रविवारी सकाळी हा गोलपोस्ट त्यांच्या अंगावर पडो, आणि सर कपडे झटकत, हसत उठोत. हवा मी बघतो.