रडर का थरथरला

ट्रान्समीटरच्या काडीला मी हात लावलेला नव्हता, तरी विमानाचा रडर थरथरत होता.

रडर म्हणजे शेपटीवरची उभी हलती फळी. तिच्यामुळे विमान डावीकडे-उजवीकडे वळतं. आमच्या कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर सहायराज सर विमान दोन्ही हातांनी धरून स्टेजच्या मागे उभे होते. मी ट्रान्समीटर घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होते. आम्ही रेंज चेक करत होतो. त्यात ट्रान्समीटरची एरियल आत ढकलून ठेवायची, म्हणजे त्याचा आवाज बारीक होतो, आणि चालत लांब जायचं. एवढ्या बारीक आवाजातही विमानाने आपलं नीट ऐकलं, तर एरियल पूर्ण काढल्यावर आकाशात ते नक्की ऐकेल असं धरून चालतात.

"वारा आहे का मॅडम?" सहायराज सरांनी लांबून विचारलं.

वारा नव्हता. मार्च महिन्यातली तंजावूरची दुपार होती. झाडाचं पानही हलत नव्हतं.

स्टेजसमोर जमखाने अंथरून झाले होते. आमच्याच ट्रस्टच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना सगळ्यात पुढे बसवायचं ठरलं होतं आणि ती रांगेने यायला लागली होती. थोड्या वेळाने याच विमानातून त्यांच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या होत्या.

हे सगळं सुरू झालं ते एका खोक्यापासून. उदारीकरणाची पहिली वर्षं होती. आमच्या भागात खासगी इंजिनीअरिंग कॉलेजं भराभर निघत होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या पुढे जायचं होतं. मी अशाच एका नव्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लेक्चरर होते. नोकरी अजून कन्फर्म व्हायची होती. कॉलेजच्या मालकाला आमच्याकडे करस्पाँडंट म्हणतात. प्रिन्सिपॉल त्यांच्या हाताखाली. आमचे करस्पाँडंट मूळचे राइस मिलवाले. शिकलेले बेताचे, पण नव्या गोष्टीची भारी हौस. सिंगापूरला भाच्याकडे जाऊन आले आणि येताना रेडिओवर चालणाऱ्या विमानाचा किट घेऊन आले.

"अम्मा, हे तुम्ही बांधा," ते मला म्हणाले. "कॉलेज डेला मंत्री येतायत. विमान वरून जाईल आणि फुलं टाकेल. दुसऱ्या कुठल्या कॉलेजने असं केलेलं नाही."

"सर, मी कधी विमान बांधलेलं नाही."

"रेडिओ तुमच्याच विषयात येतो की नाही?"

रेडिओ माझ्या विषयात येत होता. त्यामुळे मी खोका घरी घेऊन गेले.

खोक्यात विमान नव्हतंच. होत्या बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, पातळ फळ्या आणि एक मोठा नकाशा. आमच्या तंजावूरात भेंडातून देवळांच्या प्रतिकृती कोरतात. बाल्सा तसाच, फक्त थोडा चिवट. नखाने दाबला तरी खड्डा पडतो. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घरी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, वर प्लास्टिक घातलं आणि टाचण्यांनी पट्ट्या टोचून एकेक रिब चिकटवत गेले. रिब म्हणजे पंखाच्या बरगड्या. पट्ट्या उडायच्या म्हणून पंखा बंद ठेवावा लागायचा.

"तंजावूरात पंखा बंद करून काम करणारी तूच एकटी," माझे यजमान म्हणायचे. आम्ही सगळे हॉलमध्ये जमिनीवर बसून जेवण उरकायचो.

सासरे रोज टेबलापाशी येऊन उभे राहायचे. आमच्या घरातली मराठी महाराष्ट्रातल्या लोकांना फार जुनी वाटते. ती मराठी सगळ्यात शुद्ध सासरेच बोलायचे.

"हें उडेल कीं?" त्यांनी एकदा विचारलं.

"उडेल, मामा."

"उडेल तें ठीक. उतरेल कीं?"

त्यांनी सहज विचारलं होतं. माझं मात्र त्या दिवशी हातात धरलेल्या रिबवर लक्ष लागलं नाही. इतके दिवस मी विमान बांधायचा विचार करत होते. ते माणसांच्या डोक्यावरून जाणार आहे, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरला तो निघालाच नाही. सांधा चिकटवला की तो सुटला तर काय होईल, हेच आधी दिसायचं. इंजिन आणि इंधन धरून ते दोन किलोच्या आसपास जाणार होतं. पुढे फिरता पंखा. वरून कोणावर पडलं तर काय, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

पंखावर इस्त्रीने प्लास्टिकची पातळ फिल्म चढवली तेव्हा डाव्या पंखाला पीळ पडला. पीळ राहिला तर विमान एका बाजूला कलंडतं. यजमानांनी पंख उलटा पिळून धरला आणि मी वरून इस्त्री फिरवली. तीनचार खेपांनी तो सरळ झाला. बोटांच्या टोकांवर पंख तोलून वजन मध्यावर आहे हे पुन्हा पुन्हा पाहिलं. पाहून समाधान व्हायचं आणि तासाभरात जायचं.

किट नवा होता, पण रेडिओचा सेट भाच्याचा जुना होता. म्हणजे हातातला ट्रान्समीटर, विमानातला रिसीव्हर, बॅटरी आणि सर्व्हो. सर्व्हो म्हणजे रिसीव्हरच्या हुकमाने रडर वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी. पाकळ्यांच्या पेटीचं झाकण उघडायला मी त्यात आणखी एक सर्व्हो जोडला.

उडवायचं काम सहायराज सरांचं. ते एअर फोर्समधून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते आणि तिथल्या क्लबात त्यांनी अशी विमानं उडवली होती. कापणी झालेल्या शेतात त्यांनी आमचं विमान दोनदा उडवलं. दोन्ही वेळा ते गुणी बाळासारखं उतरलं. करस्पाँडंट खूष झाले. पत्रिकेत 'विमानातून पुष्पवृष्टी' असं छापून आलं.

आणि आता ऐन दिवशी रडर थरथरत होता.

मी इकडेतिकडे पाहिलं. स्टेजच्या बाजूला पोलिसांची वायरलेस जीप येऊन उभी होती. मंत्र्यांच्या बंदोबस्ताची. शेतात चाचणी घेतली तेव्हा ती नव्हती. मला कारण सापडल्यासारखं वाटलं. जीपच्या वायरलेसचा आमच्या रेडिओत घोटाळा होत असणार. मी धावत करस्पाँडंटकडे गेले. ते नव्या वेष्टीत, म्हणजे आमच्याकडच्या धोतरात, खांद्यावर अंगवस्त्र टाकून गेटपाशी हार बघत होते.

"सर, विमान आज उडवायला नको."

त्यांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. मग मला बाजूला घेतलं.

"काय झालं?"

मी जीपचं सांगितलं. ते सरळ जीपकडे चालू लागले. इन्स्पेक्टर सज्जन होते. म्हणाले, "मंत्री स्टेजवर बसले की पाच मिनिटं सेट बंद ठेवतो. तेवढं पुरेल ना?"

"पुरेल," करस्पाँडंट म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "झालं?"

इन्स्पेक्टरांनी तेव्हाच सेट बंद करून दाखवला. आम्ही पुन्हा रेंज चेक केला. मी काडी डावीकडे नेली, रडर डावीकडे गेला. उजवीकडे नेली, उजवीकडे. सोडली की सरळ, एकदम स्थिर. पाकळ्यांच्या पेटीचं झाकण उघडलं, मिटलं. सहायराज सरांनी अंगठा वर केला.

मी जराशा सुटकेने इन्स्पेक्टरांना म्हटलं, "आता सेट चालू करा. फरक दिसतो का पाहू."

त्यांनी सेट चालू केला. कंट्रोल रूमशी बोलूनही पाहिलं. रडर स्थिरच राहिला.

करस्पाँडंटांचा चेहरा उजळला. "म्हणजे जीपचाही त्रास नाही. मग बिघडलं कुठे?"

 जीप चालू असताना थरथर झाली होती आणि आता जीप चालू असून होत नव्हती. म्हणजे कारण जीप नव्हतंच. दुसरं काहीतरी होतं, ते मला माहीत नव्हतं, आणि ते अजून विमानातच होतं.

"सर, आता चालतंय. पण मघाशी का बिघडलं ते मला कळलेलं नाही."

"आता चालतंय ना?"

"हो."

"मग?"

थरथर थांबली होती. दाखवायला काही नव्हतं. गेटवर बँड सुरू झाला. मंत्री आले होते. करस्पाँडंट जाता जाता सहायराज सरांना म्हणाले, "मी खूण केली की उडवा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायकांना भीती वाटते. साहजिक आहे."

स्टेजमागे आम्ही दोघंच उरलो. सहायराज सर इंजिनात इंधन भरायला लागले. शिस्तीतला माणूस. हुकूम मिळाला की प्रश्न विचारायची सवय नव्हती त्यांना. तरी भरता भरता थांबले.

"मॅडम, बांधलंय तुम्ही. तुम्ही ओके म्हणा, मी उडवतो."

मी पडद्याच्या फटीतून पुढे पाहिलं. पहिल्या रांगेतली मुलं आत्तापासूनच माना वर करून बसली होती. त्यांना विमानाचं सांगून ठेवलेलं होतं. एक मुलगी दोन्ही हात पसरून शेजारणीला काहीतरी दाखवत होती, बहुतेक विमान केवढं असेल ते.  नोकरीचा विचार आला नाही असं म्हणणार नाही. आला. यजमानांची बदली तेव्हा नागपट्टणमला होणार अशी बोलवा होती, माझा पगार घराला हवा होता. आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा ते विमान नीट उडून उतरेल, आणि मी जन्मभर भित्री ठरेन, हेही दिसत होतं.

मी विमानाच्या पाठीवरचे रबर सोडले, पंख उचलून बाजूला ठेवला आणि रिसीव्हरमधला क्रिस्टल उपटून काढला. क्रिस्टल म्हणजे नखाएवढी धातूची डबी. रेडिओने कुठल्या लहरीवर ऐकायचं हे ती ठरवते. ती काढली की रिसीव्हर ठार बहिरा. मी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

सहायराज सरांनी इंधनाची बाटली बूच लावून खाली ठेवली. "बरं मॅडम," एवढंच म्हणाले.

करस्पाँडंटांनी स्टेजवरून खूण केली. पुन्हा केली. मग स्वतः मागे आले. मी गाठ दाखवली आणि क्रिस्टल काढल्याचं सांगितलं.  त्यांनी कपाळावरचा घाम अंगवस्त्राने टिपला आणि परत गेले. पाकळ्या ताटांत ओतून मुलींच्या हातून उधळल्या. विमान टेबलावर मांडून ठेवलं. मंत्र्यांनी ते उचलून पाहिलं आणि विचारलं, "हे उडतं का?"

"पुढच्या वर्षी उडेल, सर," करस्पाँडंट हसून म्हणाले. ते हसणं मी मागे उभी राहून ऐकलं.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. करस्पाँडंट समोरून आले तरी नमस्कार घेत नव्हते. स्टाफ रूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं. मी विमान लॅबमध्ये आणून एकेक भाग तपासत होते आणि काही सापडत नव्हतं. रिसीव्हर ठीक, सर्व्हो ठीक, बॅटरी पूर्ण चार्ज. खरं सांगायचं तर दोष सापडावा म्हणून मी देवाला दिवा लावला होता. सापडला नाही तर करस्पाँडंट म्हणाले ते खरं ठरत होतं.

मग एकदा सगळे सर्व्हो एकदम फिरवले आणि त्याच वेळी बॅटरीची वायर बोटाने जराशी वाकवली. रडर थरथरला.

वायर सोलली. बॅटरीच्या ऋण टोकाकडून येणारी काळी वायर. वरचं प्लास्टिक अगदी नव्यासारखं होतं. आतलं तांबं गंजून शाईसारखं काळं पडलं होतं, कनेक्टरपर्यंत. सेट वर्षानुवर्षं दमट हवेत कपाटात पडून राहिला की असं होतं, हे मला पुढे वाचून कळलं. बाहेरून काही दिसत नाही. वायर एका बाजूला वाकली तर वीज पुरेशी जाते, दुसऱ्या बाजूला वाकली तर नाही; त्या दिवशी सर विमान धरून उभे असताना ती तशीच वाकली असणार. एकेक सर्व्हो चालवला तर भागतं. सगळे एकदम चालले, पाकळ्यांच्या पेटीचाही, तर रिसीव्हर उपाशी पडतो. म्हणजे नेमकं मुलांच्या डोक्यावर असताना.

मी वायर तशीच हातात धरून करस्पाँडंटांच्या खोलीत गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. मी वायर टेबलावर ठेवली आणि सांगितलं. त्यांनी ती उचलली, तांबं बोटांत चोळलं. काळी भुकटी निघाली.

"म्हणजे पोलिसांचा संबंध नव्हता," ते म्हणाले.

"नाही सर. ते माझं चुकलं."

"त्या दिवशी तुम्हांला हे माहीत नव्हतं."

"नाही."

"तरी थांबवलंत."

"माहीत नव्हतं म्हणूनच थांबवलं, सर."

त्यांनी बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "पुढच्या रांगेत माझी नात होती," आणि बेल वाजवून माझ्यासाठी कॉफी मागवली.

नवी वायर घातली. धरणाच्या पाण्याची पाळी संपून तिरुवैयारुजवळ कावेरी कोरडी पडलेली होती, आम्ही विमान तिथल्या वाळूत नेलं. करस्पाँडंट वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून उन्हात उभे होते. आसपास दुसरं माणूस नव्हतं. सहायराज सरांनी विमान नारळाच्या झाडांवरून नेलं, वळवलं, पाकळ्याही टाकल्या. त्या वाळूत पडल्या. मी पूर्ण वेळ नुसता रडर बघत होते. इतरांना ते उड्डाण कसं दिसलं ते मला सांगता येणार नाही. उतरताना चाक वाळूत रुतलं आणि पुढचा पंखा मोडला. त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

मी पुढच्या जूनमध्ये कन्फर्म झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. लॅबमध्ये कोणी "मॅडम, आता चालतंय" असं सांगत आलं की मी विचारायची, मघाशी का चालत नव्हतं? सांगता आलं नाही तर ते यंत्र मी टेबलावरून हलवू देत नसे. मुलं वैतागायची. वैतागलेली मुलं घरी धड जातात, एवढा अनुभव माझ्या गाठीला होता.