चाचांना न पटलेली खिडकी

पेंटरचाचा टीव्हीवर चिडायचे. माणसावर चिडलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं. भोरच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं पाट्या रंगवायचं आणि फोटोंना फ्रेम करून द्यायचं दुकान होतं. तिथल्या छोट्या टीव्हीवर रविवारी सकाळी कार्टूनची मालिका लागायची. जादूगारानं बुरुजात कोंडलेली राजकन्या, उडणारे घोडे, बोलणारी झाडं. आम्ही पोरं गोष्ट बघायचो, चाचा चित्र बघायचे.

“तिच्या त्वांडावर बघ,” ते ब्रश रोखून म्हणायचे. राजकन्या खोलीत कुठंही बसली तरी खिडकीच्या गजांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडायची. झग्याचा रंग भिंतीचाच. स्वप्नात ती उडायची तेव्हाच काय तो निळा रंग पडदाभर पसरायचा. चित्र वाचायला मला चाचांनी शिकवलं. शाळेत आमच्याकडून नुसते नारळ आणि कलश काढून घेत.

शेवटच्या भागात राजपुत्र आला आणि तिला आपल्या महालात घेऊन गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र भडकले. नव्या महालालाही हुबेहूब तशीच खिडकी होती, फक्त सोनेरी.

“गज त्येच हायेत. नुस्ता रंग मारलाय,” म्हणाले आणि टीव्ही बंद केला. आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ही खिडकी ऐकवत होते. लोक हसायचे. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला आज संताप येतो.

बारावीनंतर पुण्याला चित्रकला शिक्षकाचा कोर्स करायचा, असं चाचांनी आणि मी ठरवूनच टाकलं होतं. फॉर्मही त्यांनीच आणून दिला. घरी मात्र सारोळ्याचं स्थळ आलं. पाहुणे बघायला यायचे म्हणजे मुलीचं भरतकाम, चित्रं फ्रेम करून भिंतीवर लावायची आमच्याकडे पद्धत. मुलगी गुणाची आहे हे भिंतीनं सांगायचं, मुलीनं खाली मान घालून बसायचं. वडिलांनी मी काढलेलं खिडकीतल्या राजकन्येचं चित्र उचललं आणि मला घेऊन दुकानात गेले.

चाचांनी ते बराच वेळ हातात धरलं. गजांची सावली मी नीट काढली होती.

“दादा, पाव्हण्यांना दावायच्या आधी तुमी सोता बघा की, पोरीनं काय काढलंय ते.”

छान आहे म्हणून तर फ्रेम करतोय, असं वडील म्हणाले. चाचांचा आवाज चढला. फॉर्म भरायला चार दिवस उरलेत आणि तुम्हाला खिळे ठोकायची घाई, हे त्यांनी भर दुकानात ऐकवलं. आमच्या घरच्या गोष्टीत पडू नका, असं वडिलांनी बजावलं. तेव्हा चाचा माझ्याकडे वळले.

“तू सांग, पोरी. तू न्हाई म्हनलीस तर म्या हात लावनार न्हाई.”

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते.

“करा फ्रेम,” मी म्हणाले.

चाचांनी फ्रेम करून दिली. फॉर्म कोराच राहिला. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वडिलांवर, पाहुण्यांवर, त्या पद्धतीवर मी आजवर पोटभर चिडून घेतलंय. पण अख्ख्या भोरमध्ये माझ्यासाठी भांडायला एकच माणूस उभा राहिला होता, आणि त्याला एकटं पाडलं ते मीच.