कडेला उभा असलेला रामाजी

रामाजी आमच्या स्लॅब टाकणाऱ्या टोळीचा मुकादम होता. मुकादम असूनही घमेलं उचलायचा. सक्करदऱ्याहून सायकलने साइटवर यायचा आणि सगळ्यांच्या आधी यायचा. आम्ही पोचेपर्यंत तो हातोडी घेऊन स्लॅब तोलून धरणाऱ्या सेंट्रिंगखाली शिरलेला असे. टेकूची एकेक बल्ली ठोकायचा, आवाज ऐकायचा. पसंत पडली नाही तर बदलायला लावायचा. मिक्सर सुरू असो, मालक ओरडत असो. एका मालकाने फारच घाई केली, तेव्हा रामाजी म्हणाला, "मंग तुम्ही उभे राहता काय वर आधी?" बल्ली बदलली.

त्याच्या टोळीत मी पंचवीसेक वर्षं काम केलं. एकही माणूस पडून मेला नाही. मी आज म्हातारा होऊन घरी बसलो आहे आणि दोन्ही पाय जागेवर आहेत, ते त्याच्यामुळे.

मागच्या वर्षी रामाजी गेला. घरात लावायला त्याचा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा. तो मोठा करून फ्रेम केला. त्याची बायको शोभावहिनी मला म्हणाली, "भाऊजी, हा फोटोतला माणूस माह्या घरात कधी राह्यलाच नाही. पोलिसानं धरून आणल्यावानी दिसते. तुमच्याजवळ साइटवरचे फोटो असन ना? कामावर हे कसे दिसे, मी कधी पाह्यलंच नाही. वर्षश्राद्धाच्या आत भेटले तर पाहा."

फोटो होते. स्लॅब पूर्ण झाला की मालक टोळीला जेवण देतो आणि मोबाइलवर एक फोटो काढतो. मी जुन्या सोबत्यांना, मालकांना फोन केले. पुष्कळांनी शोधून पाठवले.

माझी सून मुग्धा म्हणाली, "बाबा, काकूंना मोबाइलवर दाखवाल तर बोट लागलं की फोटो पळून जाईल. पुस्तक छापून घेऊ. ऑनलाइन होते."

तिने फोटो टाकले. वेबसाइटने आपोआप पानं लावून दिली. मी चष्मा लावून मोबाइलवर एकेक पान पाहिलं, बरं आहे म्हणालो. तिने ऑर्डर दिली.

पुस्तक आलं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद. पानभर फोटो. त्यात मी होतो, आमच्यातला जितेंद्र होता, सगळी टोळी होती. रामाजी नव्हता. एका पानावर त्याचं कोपर, एका पानावर नुसता पायजमा आणि बादली.

कारण लगेच कळलं. फोटोच्या वेळी रामाजी सिमेंटची घमेली, फावडी धूत असायचा. आम्ही हाका मारायचो, "ये ना गा रामाजी, फोटो काढून राह्यले."

"काढा तुम्ही. हे वाळलं तर उद्या दातानं खरवडशीन काय?"

सगळं धुऊन झालं की ओल्या हातांनी यायचा आणि जागा उरली असेल तिथे, रांगेच्या टोकाला, उभा राहायचा. वेबसाइटने पान भरायला दोन्ही बाजू कापल्या होत्या. पुस्तक कोणासाठी आहे, हे वेबसाइटला कुठून कळणार? पाहायचं काम माझं होतं. मी पाहिलं ते वरवर.

मुग्धाच्या दुपारच्या शिकवण्या आटोपल्या, तशी ती पुन्हा बसली. "आता आपोआप काही नाही," म्हणाली. एकेक फोटो हाताने बसवायला घेतला. रामाजी मोठा दिसायला हवा तर बाकीचे कापावे लागत होते.

"बाबा, इथं तुम्ही आहात. तुम्हाला ठेवलं तर काका लहान होतात."

"काप मले."

"आणि हे?"

"तो जितेंद्र. थांब, त्याले विचारू दे."

न विचारता माणूस काढणं बरं नाही, म्हणून मी फोन केला. जितेंद्र हसला. "माहं थोबाड कोणाले पाहाचं हाये? काप. पन माहा हात राह्यला पाहिजे त्याच्या खांद्यावर."

मुग्धाने हात ठेवला. जे फोटो मोठे केल्यावर धूसर होत होते, ते लहानच ठेवून भोवती पांढरी जागा सोडली. शेवटी मला शेजारी बसवून दर पानावर रामाजीवर बोट ठेवायला लावलं. सगळीकडे बोट ठेवता आलं, तेव्हाच ऑर्डर दिली. घरचं सगळं करून तिने हे केलं. मी तिच्यापुढे बोललो नाही, इथे लिहितो: काम चोख झालं.

पुस्तक वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आलं. मी तसाच सक्करदऱ्याला गेलो. वहिनीने हात पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं. पहिलं पान उघडलं.

"पाहा, पायात चप्पल नाही," ती म्हणाली. "सिमेंटानं टाचा फाटत, मी रोज तेल चोळून देत होती. अन् इथं हासून राह्यले." मग थेट फोटोलाच म्हणाली, "घालाची होती ना चप्पल."

तिने पान उलटलं.

"हा स्लॅब कुठचा, भाऊजी?"

"जरीपटक्याचा."

"गळते काय?"

"नाही गळत."

"अन् हा?"

दर पानावर तिने हेच विचारलं. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. एका पानावर हुडकेश्वरचं घर होतं. "याचं माहीत नाही," मी म्हणालो.

"मंग पाहून या ना."

वर्षश्राद्ध झाल्यावर मी हुडकेश्वरला गेलो. घरमालकाला कारण सांगितलं. तो थोडा हसला, पण वरच्या मजल्यावर घेऊन गेला. मी छत कोपऱ्याकोपऱ्यांत पाहिलं. न्हाणीघराजवळची भिंत हाताने चाचपली. तिथूनच वहिनीला फोन लावला.

"कोरडा हाये, वहिनी."

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "तरी तुम्ही पाहून आले, बरं केलं."