सासूबाईंचं हसू

आमच्या सासूबाई जन्मात कधी हसल्या नाहीत. खोटं सांगत असेन तर जीभ झडो! दुधावर साय कमी आली तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडायची, त्या बाई भिंतीवरच्या तसबिरीत मात्र अशा गोड हसतात, की परक्याला वाटावं, काय मायाळू सासू मिळाली हो हिला. तसबीर घरी आली त्याच दिवशी मी दत्ताजींना म्हटलं, "नाक जमलंय, कान जमलेत, पण हे ओठ आमच्या घरातले नाहीत. बदला."

"असू द्या वहिनी," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाला थोडं हसू द्यावं."

दत्ताजी पेंटर आमच्याच धारच्या गल्लीतले. त्यांचे पणजोबा दरबारच्या पालख्या रंगवायचे. यांच्या वाट्याला दुकानांच्या पाट्या आल्या. पण नाव झालं ते तसबिरींनी. सत्तर-बाहत्तर साली म्हाताऱ्या माणसांचे फोटो कुठे असायचे? माणूस फोटोशिवायच जायचं, आणि तेरावं उरकलं की घरचे दत्ताजींच्या दारात हजर. नुसतं विचारून विचारून त्यांनी इकडे गंधवानीपासून तिकडे कन्नौदपर्यंत किती चेहरे काढले, देव जाणे.

सासूबाई गेल्या तेव्हा मी हे सगळं जवळून पाहिलं. आल्या आल्या कागद नाही, पेन्सिल नाही. पहिला प्रश्न, "त्या बसायच्या कुठे?" मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली. तर हे गृहस्थ तिथे जाऊन जे बसले ते ऊन कलेपर्यंत. माझी भांडी खोळंबली, मी बरीच आदळआपट केली, पण ऐकतो कोण! वर म्हणतात, "माणूस जिथे बसतो तिथला उजेड त्याच्या तोंडावर मुरतो वहिनी." मग निंबाची कोवळी तांबूस पालवी तोडून आमच्या ह्यांच्या गालाशी धरली, कारण आईचा रंग ह्यांच्यावर उतरलेला. ती पालवी समोर ठेवून रंग कालवला. कुणासाठी मुंज तलावाच्या काठची ओली माती आणायचे, कुणासाठी मोहाची साल. आणि चेहऱ्यासाठी सगळी गल्ली पालथी घालायचे. सासूबाईंचं नाक शेजारच्या यमुनाबाईंनी सांगितलं, कान आमच्या दूधवाल्यानं.

दत्ताजींच्या घरात मात्र एकटा जीव. बायको सुमंगला लग्न होऊन आली, दुसरी दिवाळी काही तिला दिसली नाही, तापानं गेली. आम्ही या गल्लीत यायच्या आधीची गोष्ट. तिचा फोटो नव्हता, आणि अख्ख्या गावाला तसबिरी देणाऱ्यानं बायकोची काढलीच नव्हती. कुणी विषय काढला की म्हणायचे, "घाई कसली? ती आता कुठे जातेय?"

दिवेलागणीला घर खायला उठायचं त्यांना. मग आज या घरी, उद्या त्या घरी जाऊन बसायचे. चहा घ्यायचे, न बोलता आपणच काढलेल्या तसबिरीकडे बघायचे. मला वाटायचं, काय हा आपल्याच कामाचा पुळका! आणि कहर म्हणजे पितृपक्षातली अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बायकांचा तो दिवस. नेमके त्या दिवशी झेंडूची फुलं घेऊन यायचे आणि आमच्या सासूबाईंना वाहायचे.

"अहो दत्ताजी, आमच्या सासूबाई विधवा गेल्या. त्यांचा दिवस हा नव्हे!"

"हो का? विसरलो बघा," म्हणायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी डोक्याला हात लावायची.

ऐंशी साली त्यांना दिव्याभोवती गोल गोल कडी दिसायला लागली. इंदूरच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला, उशीर झालाय म्हणाला, नजर जाणार. परत आले ते थेट आमच्या ओट्यावर. "वहिनी, आता सुमंगलेची काढतो. डोळे आहेत तोवर झाली पाहिजे."

दुकानाला कुलूप लागलं. फाल्गुन होता, मांडूच्या वाटेवर पळस पेटलेला. तिच्या शालूचा रंग म्हणे तोच, म्हणून थैलीभर फुलं घेऊन आले. ती मागच्या दाराच्या पायरीवर बसायची, म्हणून हे तिथे बसून राहिले. मी डबा पाठवायची, तो अर्धा परत यायचा. आम्हां सगळ्यांनाच घोर लागला होता, आधी काय संपतं, तसबीर की नजर.

शेवटी बोलावलं. पत्र्यावर काढली होती, मोठी, टिकावी म्हणून. वरचं फडकं काढलं मात्र, यमुनाबाई ओरडल्या, "अगंबाई! हे तर माझ्या माईचे डोळे!" माईची तसबीर दत्ताजींनीच काढलेली. त्यांच्या मागे समोरचा शालिग्राम किराणावाला, "और ठोडी तो हमारी काकी की है, भिया!" मी कशाला मागे राहते? "हसू तर आमच्या सासूबाईंचं! एकच साचा झाला की तुमचा, दत्ताजी!" सगळे हसलो.

ते नाही हसले. हातातलं फडकं घडी करत म्हणाले, "उलटं आहे वहिनी. लोक नाक सांगतात, कान सांगतात. डोळे विचारले, ओठ विचारले की रडायला लागतात, आठवत नाही कुणाला. मग मी घरातलं घालायचो. माईला हिचे डोळे दिले, काकीला हनुवटी. मला वाटलं, माझ्याकडे पुष्कळ आहे."

आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी बघते तर त्या पत्र्यावर पांढरा रंग, आणि वर निळ्या अक्षरांत 'आटा चक्की', कुठल्याशा गिरणीची पाटी. मी तरातरा गेले आणि भांडलेच. "वेड लागलंय का तुम्हाला? डोळे घालवून काढलीत ना ती?"

"कुणी ओळखली नाही वहिनी," ते म्हणाले. "आणि मीसुद्धा बघायला गेलो तर माई दिसते, काकी दिसते. ही दिसत नाही."

भांडण तिथेच राहिलं.

पुढे नजर पार गेली. भिंतीला हात लावत लावत यायचे, पण आता फक्त आमच्याकडे. सासूबाईंच्या तसबिरीखाली खुर्ची ओढून बसायचे. "बाकी सगळं वाटलं," एकदा म्हणाले, "हसू तेवढं एकाच घरी दिलं. दिवा लावलाय ना तिथे?" दिवे गेलेले असले तरी मी "हो, लावलाय" म्हणायची. शहाऐंशीच्या श्रावणात गेले. त्यांचीही तसबीर नाही. काढणार कोण?

त्याच वर्षी अविधवा नवमीला मी झेंडू आणले, सासूबाईंना वाहिले आणि तसबिरीच्या काचेवर कुंकू लावलं. आमची सून सुनेत्रा देवासच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, शाळा सगळी हिंदीत, पण रीतीभाती चोख जाणते. ती दारातच थबकली.

"आई, आजी तर विधवा गेल्या होत्या ना? फिर ये कुंकू?"

"त्यांना नाही लावलं गं," मी म्हटलं. "तुझ्या आजेसासूबाई जन्मात हसल्या नाहीत. ही हसतेय ती सुमंगला. तिला लावलं."