चर्चची पडवी

लेकीनं लग्नासाठी चर्च ठरवलं, तेव्हाच मला कळलं की आता घरात वाद होणार. होणारा जावई इथल्याच, कॅनडातल्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि त्याच्या घरची सगळी लग्नं गावच्या त्या चर्चमध्येच लागलेली. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. माझे वडील शनिवारी दिवासुद्धा लावत नाहीत. मुलगा त्यांना पसंत होता, पण टोरांटोत, नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत बसून त्यांनी निकाल देऊन टाकला, "लग्नाला येईन. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार नाही."

"आय ॲम नॉट डूइंग इट विदाउट आबा," लेक म्हणाली. आजोबा आणि नात, दोघं एकाच हट्टाचे. मधल्या मधे माझे हाल.

शेवटी बाबांना गाडीत घातलं आणि चर्च दाखवायला नेलं. मक्याच्या शेतांत ते एकटंच उभं होतं. दगडी भिंती, उभ्या उताराचं छप्पर, बुटका चौकोनी मनोरा, अरुंद टोकदार खिडक्या. इंग्लंडहून आलेल्या माणसांनी आपल्या गावचं चर्च आठवून आठवून बांधलेलं. दारापुढे लाकडी खांबांवर छोटंसं छप्पर आणि दोन्ही बाजूंना बाकं. बाबा सरळ बाकावर जाऊन बसले, खांबावरून हात फिरवला.

"अगं, ही तर पडवी! गाव सोडून आलेल्यांनी बांधलंय, दिसतंच आहे. पडवीशिवाय घर वाटत नाही." आणि तिथून हलायलाच तयार नाहीत.

तिथल्या पाद्रीबाई रबरी बूट घालून गवत कापत होत्या. मी चाचरत सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, पूर्वी इंग्लंडात लग्नाच्या शपथा अशा पोर्चमध्येच व्हायच्या आणि मग मंडळी प्रार्थनेला आत जायची. आपणही तसंच करू. त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. मारलीच.

लग्नाच्या रविवारी पाहुणे बाहेर गवतावर उभे राहिले. पडवीत नवरानवरी, पाद्रीबाई आणि बाकावर टोपी घालून बाबा. लेकीच्या झग्याचा घेर त्यांच्या पायांवर पसरला होता, म्हणून बिचारे गुडघे जवळ घेऊन बसलेले. शपथा झाल्या. दार उघडलं आणि सगळे आत निघाले. मी बाबांपाशी थांबले. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना.

लेक उंबऱ्याशी पोचली, तशी शेजारून खणखणीत हाक आली, "उजवा पाय आधी टाक गं!"

जन्मभर मला इंग्रजीत उत्तरं देणारी ती मुलगी मागं वळली. "हो, आबा," म्हणाली, आणि उजवा पाय आत टाकला.