हार घातलेला फोटो

भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर आई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून बघत होती आणि बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते. मंडीदीपच्या एका फॅक्टरीत त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला होता, आणि मी निघालो होतो गोव्याला, रेगे हे जमैकाचं संगीत गायला. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या गळ्यानं किती दिवस गाणार आहेस?"

प्रश्न चोख होता. माझा आवाज जमैकाच्या एका दिवंगत दिग्गजासारखा आहे. सारखा म्हणजे काय, डोळे मिटले की तोच. अवधपुरीतल्या आमच्या कॉलनीत याचं कौतुक 'नक्कल छान करतो' एवढ्यावर संपायचं. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मात्र गोरे पाहुणे रडायचे. तिथून एका कंपनीनं मला बर्लिनला नेलं. पोस्टरवर त्या दिग्गजाचं नाव मोठं, खाली जटांचा टोप घातलेला मी. वर्षानुवर्षं तेच. साउंडचेक, टोप, त्याची गाणी, टाळ्या. एकदा शेवटी माझं स्वतःचं मराठी गाणं म्हटलं, तर लोक बिअर आणायला गेले. मॅनेजर म्हणाला, पुन्हा नको. पुढे पुढे मी आंघोळ करताना गुणगुणायचो तेही त्याच्याच आवाजात. तेव्हापासून भीती वाटायला लागली. माझा आवाज उरलाय की नाही, हेच कळेना.

अशात भोपाळहून कुलकर्णी काकांचा फोन आला. ते कॉलनीच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. "गणपतीत तुझा प्रोग्राम ठेवू या, बेटा. बाबाही येतो म्हणालेत." बाबांनी मला स्टेजवर कधीच ऐकलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. गाण्याआधी गायकाच्या गुरूच्या फोटोला हार घालून समई लावायची, हा आमच्या मंडळाचा रिवाज. काकांनी विचारलं, "तुझे गुरू कोण? हयात आहेत का?" मी त्या दिग्गजाचं नाव सांगितलं. माझ्या जन्माआधीच गेले, म्हटलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी विंगेत उभा होतो, टोप हातात. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. त्या आवाजात गायलो तर त्यांचं म्हणणं खरं ठरणार, आणि माझ्या आवाजात गायचं तर गळ्यातून काय निघेल, देव जाणे. तेवढ्यात पडदा सरकला. समईशेजारी टेबलावर भलामोठा फ्रेम केलेला फोटो होता, त्याला ताज्या झेंडूचा हार. फोटो माझा होता.

काकांनी गुरूंचा फोटो शोधायला नेटवर माझं आणि त्या दिग्गजाचं, अशी दोन्ही नावं टाकली होती. माझं पोस्टर निघालं, त्यातला फोटो त्यांनी मोठा करून घेतला. लोक भक्तिभावानं हात जोडत होते. आईनं तोंडाला पदर लावला. मला खरं तर हसू यायला हवं होतं, पण मी टोप घट्ट धरून बघत राहिलो. मी उरलोच नाही, हे जे मी स्वतःशीसुद्धा बोललो नव्हतो, ते तिथं सगळ्यांसमोर मांडून ठेवलेलं होतं.

बाबा उठले. पायऱ्या चढून स्टेजवर आले आणि त्यांनी हार काढला.

"सॉरी हां, सर्च केलं तर हाच निघाला," काका पुटपुटले. "जटा, दाढी... बिलकुल ओळखू नाही आला."

"मला आला," बाबा म्हणाले. "पोरगा आहे माझा. जिवंत आहे अजून."

माझ्याकडे न बघता ते जागेवर जाऊन बसले, हार मांडीवर घेऊन.

मी टोप विंगेतल्या खुर्चीवर ठेवला, स्टेजवर आलो आणि माझं ते मराठी गाणं सुरू केलं. पहिली ओळ फाटली. दुसरी त्या दिग्गजाच्याच वळणावर गेली. थांबलो, पुन्हा उचलली. आणि मग एक जाडसर, किंचित नाकातला आवाज निघाला. बाबा आरतीत लावतात तसा. लोक भजनासारख्या टाळ्या धरत होते, रेगेचा ठेका पार चुकवत. इतका आनंद मला बर्लिनच्या टाळ्यांनी कधी दिला नव्हता.

आता इथं बर्लिनमध्ये पुन्हा टोप घालतो, पोट त्यावर आहे. पण आंघोळीला गातो ते माझ्या आवाजात. माझ्यासारखंच घर सोडून निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी पूर्वी अवधपुरीचा पत्ता सांगायचो. आता वाटतं, जगानं भलताच कुणी समजून आपल्याला हार घातला, तर पायऱ्या चढून तो काढायला जिथून आपलं माणूस उठतं, ते घर.